पाठ निबंध आणि कोरा कागद : आठवीच्या इंग्रजी लेखनाचे एक प्रकरण

आठवीचा वर्ग, 38 विद्यार्थी. घरची भाषा मराठी, बाकीचे विषयही मराठीतून, इंग्रजी हा अनेक विषयांपैकी एक. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा वर्गांत वर्षानुवर्षे दिसणारी लक्षणे एका वर्गात, आणि त्यातही एका मुलीच्या वहीत, एकत्र करून मांडली आहेत. काम 12 आठवड्यांचे, आठवड्याला 35 मिनिटांच्या तीन तासिका.

या मुलीने चाचणी परीक्षेत 'माय बेस्ट फ्रेंड' हा निबंध बारा ओळींत, जवळजवळ बिनचूक लिहिला. चार दिवसांनी वर्गात न सांगता एक विषय दिला: काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले? वेळ 20 मिनिटे. तिने लिहिले ते असे:

"यस्टरडे आय गो होम. माय मदर इज कुक. आय स्टडी डन. ब्रदर विथ आय प्ले अँड टीव्ही सॉ अँड देन स्लीप."

एकूण 21 शब्द, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक. मग परीक्षेचा निबंध समोर ठेवून दोन गोष्टी करायला सांगितल्या. मैत्रीण 'पंक्च्युअल' आहे असे लिहिले आहेस, म्हणजे कशी आहे? उत्तर आले नाही. पहिल्या तीन ओळींतले 'शी' काढून 'ही' घाल, मैत्रिणीऐवजी मित्राबद्दल लिही. तिने 'शी' बदलले, पण पुढचे 'हर' तसेच राहिले. निबंध तिचा नव्हताच, ती फक्त तो वाहून नेत होती.

कोणत्याही वर्गात पहिल्या आठवड्यात या दोन चाचण्या घ्याव्यात. एक पाठ असलेला विषय, एक अचानक दिलेला. दोन्हींतल्या अंतरावरून काम कुठून सुरू करायचे ते कळते. नुसत्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरून ते कळत नाही, उलट सगळे ठीक चालले आहे असा भास होतो. या वर्गात 38 पैकी 24 जणांची स्थिती या मुलीसारखी होती. 9 जण तोडक्यामोडक्या पण स्वतःच्या वाक्यांत लिहीत होते. उरलेल्या पाच जणांची अडचण त्याहून खालची होती, त्याबद्दल पुढे.

21 शब्दांत काय दिसते

सवयीने लाल पेन घेतले तर या उताऱ्यात दहा-बारा चुका निघतात आणि 'व्याकरण कच्चे' असा शेरा बसतो. त्यातून काहीच हाती लागत नाही. चुका जातवार लावल्या तर चित्र बरेच स्वच्छ होते.

'ब्रदर विथ आय प्ले' हे वाक्य इंग्रजी शब्दांतले मराठी आहे: भावाबरोबर मी खेळले. मराठीत 'बरोबर' नामानंतर येतो, इंग्रजीत 'विथ' नामाच्या आधी. 'टीव्ही सॉ' मध्ये क्रियापद शेवटी गेले, कारण मराठीत ते तिथेच असते. 'आय स्टडी डन' तर फारच बोलके आहे. 'अभ्यास करणे' हे आपले जोड क्रियापद तिने सुटे केले, 'अभ्यास' म्हणजे 'स्टडी', 'केला' म्हणजे 'डन', आणि दोन्ही शेजारी ठेवले. म्हणजे ती आळशी नाही, बेफिकीरही नाही. आधी मनात पूर्ण मराठी वाक्य, मग एकेका शब्दाची अदलाबदल, हे काम ती नेमाने करते आहे. भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलेला मुद्दा इथे कामाला येतो: घाईतली चूक वेगळी आणि शिकणाऱ्याच्या मनातल्या नियमामुळे होणारी चूक वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक वहीत दहा वेळा सुधारली तरी परत येते, कारण तिच्यामागचा नियम शाबूत असतो.

'इज कुक' ही दुसरी जात. 'आहे' मराठीत सारखे लागते, म्हणून 'इज' हे तिच्या लेखी वाक्याला लावायचे शेपूट झाले आहे.

तिसरी जात स्पेलिंगची, आणि तिचे मूळ देवनागरीत आहे. 'विथ' तिने 'व्ही' ने सुरू केला. मराठीत एकच 'व' आहे, त्यामुळे 'डब्ल्यू' आणि 'व्ही' तिच्या कानाला एकच. 'स्लीप' मध्ये दोन 'ई' ऐवजी एक 'आय' लिहिला. 'ब्रदर' लिहिले बी-आर-ए-डी-आर असे, कारण 'दर' मधला 'अ' मराठीत अक्षरातच असतो, त्याला वेगळी खूण नसते. मग 'डी' आणि 'आर' यांच्यामध्ये स्वर लिहायचे कारण तिला दिसत नाही.

चौथी जात विरामांची. 'आय' हा शब्द लहान लिपीत, तर 'होम' चा 'एच' मोठा, कारण तो शब्द तिने पुस्तकातल्या शीर्षकात पाहिला होता. देवनागरीत मोठे अक्षर नाहीच, त्यामुळे तिला ते सजावट वाटते. शेवटचे वाक्य दहा शब्दांचे, तीन क्रिया, एक पूर्णविराम.

यावरून क्रम ठरला. निबंध पूर्ण बंद, परिच्छेदही नाही. आधी वाक्य.

तीन आठवडे : तोंडी वाक्य, मग लेखी

फळ्यावर पाच रकाने आखले: कोण, काय केले, कशाला किंवा कोणाला, कुठे, केव्हा. मथळे मराठीतच. इंग्रजी वाक्याचा क्रम हाच, आणि दुसरा रकाना कधीही रिकामा ठेवायचा नाही, एवढाच नियम सांगितला. कर्ता, कर्म, अव्यय हे शब्द काढले नाहीत.

पहिली क्रियापदे दहा, तीही भूतकाळातली: वेन्ट, केम, सॉ, गॉट, मेड, टूक, गेव्ह, सेड, हॅड, डिड. 'एड' लावून होणारी सोपी क्रियापदे आधी का नाहीत, असा प्रश्न येतो. इंग्रजीतली सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदे अनियमितच आहेत, त्यांच्याशिवाय कालच्या दिवसाबद्दल चार खरी वाक्ये होत नाहीत. शिवाय ती सुटे शब्द म्हणून पाठ होतात, आणि पाठ करण्यात ही मुले तरबेज आहेतच. ते कसब टाकून द्यायचे नाही, योग्य जागी लावायचे.

एका वाक्याचा प्रवास असा. मुलगी वाक्य शेजारणीला तीन वेळा म्हणून दाखवते. तिसऱ्या वेळी बोटांवर शब्द मोजते: आय, वेन्ट, टू, माय, आंट्स, हाउस – सहा. मग लिहिते. मग पेन्सिलीचे टोक एकेका शब्दावर ठेवत मोठ्याने वाचते आणि पुन्हा मोजते. बोलताना सहा आणि कागदावर पाच आले, तर गळालेला शब्द शोधते. बहुतेक वेळा तो 'टू' किंवा 'माय' असतो. ही मोजणी पोरकट वाटते, आठवीची मुले पहिल्या दिवशी हसतात. तरीही ती सोडू नये, कारण छोटे शब्द गळतात ते कानाला ऐकू येत नाहीत म्हणून, आणि बोट त्यांना जागा देते.

इथे दोन घोटाळे झाले. एक, सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला. समूहघोषात वीस जण नुसते ओठ हलवतात. म्हणून जोड्या, आणि शिक्षकाने फिरत राहून रोज पाच-सहा जोड्यांचे नीट ऐकणे. दुसरा घोटाळा मोठा होता. दुसऱ्या आठवड्याअखेर 38 पैकी जवळपास निम्म्या वह्यांत 'आय वेन्ट टू द मार्केट' हेच वाक्य होते. निबंध गेला, त्याच्या जागी रकाना पाठ झाला. त्यावर उपाय म्हणून नियम घातला: वाक्य स्वतःबद्दल खरे असले पाहिजे आणि शेजारच्यासारखे असता कामा नये. तिसऱ्या आठवड्यात रकान्यांचे मथळे पुसले, मग रेघाही. चौकट वेळेवर काढली नाही तर तिची कुबडी होते. फार लवकर काढली तर 'टीव्ही सॉ' परत येते. खूण अशी: मूल फळ्याकडे न पाहता सलग पाच वाक्यांत क्रियापद जागेवर ठेवते का?

मराठीचे काय, हा वाद प्रत्येक शिक्षक खोलीत होतो. आमचे मत असे: कशाबद्दल लिहायचे ते मराठीत ठरवू द्यावे, सुटे शब्द मराठीत टिपू द्यावेत. पूर्ण मराठी वाक्य मात्र कागदावर उतरू देऊ नये. ते उतरले की भाषांतर सुरू, आणि भाषांतर सुरू झाले की क्रम मोडला. 'भाऊ, पेन, भांडण' एवढे टिपण पुरते.

स्पेलिंगसाठी रोज सात मिनिटे, पाच शब्द. शब्द एडवर्ड डॉल्च यांच्या 1936 च्या, इंग्रजी वाचनात वारंवार येणाऱ्या 220 शब्दांच्या यादीतून निवडले, आणि 'डब्ल्यू' चे शब्द मुद्दाम एकत्र घेतले: वॉज, विथ, वेन्ट, वॉन्ट, विल. पाहा, म्हणा, झाका, लिहा, ताडून पाहा, आणि लगेच त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य. दहा-दहा वेळा लिहायला लावले नाही. चौथ्या वेळेपासून हात लिहितो, डोके दुसरीकडे असते. मुले तर आधी दहा वेळा 'डब्ल्यू', मग दहा वेळा 'ए' अशी उभी रांग काढतात, हे ज्याने वह्या तपासल्या आहेत त्याला माहीत आहे.

त्या पाच जणांबद्दल. ते उतरवून घेतानाही एकेक अक्षर पाहून लिहीत, 'बी' आणि 'डी' उलटसुलट करत, आणि ओळ संपेपर्यंत ओळीच्या सुरुवातीचे वाक्य विसरत. अक्षर काढण्यातच सगळे लक्ष खर्च झाले की वाक्यासाठी काही उरत नाही. त्यांना रोज दहा मिनिटे वेगळी: आधी अक्षरे, मग दोन-तीन अक्षरांचे तुकडे एका दमात, मग शब्द पाहून नजर वर करून लिहिणे. त्यांची वाक्ये तोवर तोंडी, शिक्षक किंवा जोडीदार लिहून देई. वर्गाबरोबर धावायला लावले असते तर ते पुन्हा नुसती नक्कल करू लागले असते.

जोडणे

चौथ्या आठवड्यापर्यंत वह्यांत सरळ, छोटी, बऱ्यापैकी बरोबर वाक्ये आली आणि वाचायला कंटाळवाणी झाली. आय वेन्ट. आय सॉ. आय केम. युरोप परिषदेच्या 2001 च्या भाषाचौकटीत ए1 या सर्वांत खालच्या पातळीचे लेखन म्हणजे साधी, सुटी वाक्ये. तिच्या वरच्या ए2 मध्ये तीच वाक्ये 'अँड', 'बट', 'बिकॉज' यांनी जोडलेली असतात. हा वर्ग त्याच उंबरठ्यावर होता.

एका वाक्याला तीन शेपट्या हा खेळ दीड आठवडा चालला. 'आय वॉज लेट बिकॉज…', 'आय वॉज लेट बट…', 'आय वॉज लेट सो…'. तिन्ही पूर्ण करायच्या. 'बिकॉज' सगळ्यांना जमते. 'बट' मध्ये अडतात, कारण तिथे विचार वळवावा लागतो. पहिल्या दिवशी बऱ्याच वह्यांत 'आय वॉज लेट बट आय गॉट अप लेट' आले. ही इंग्रजीची चूक नाही, विचाराची आहे, आणि ती मराठीत बोलून सोडवावी लागते. नंतर 'व्हेन'.

आणि इथे मराठी पुन्हा डोके वर काढते, या वेळी जास्त गमतीने. आपण सहज लिहितो, 'मी आले नाही. कारण बरे नव्हते.' पूर्णविरामानंतर 'कारण' मराठीत खटकत नाही. म्हणून मुले 'बिकॉज' च्या आधी टिंब देतात आणि अर्धे वाक्य लोंबकळत राहते. दुसरे म्हणजे आपली जोड्यांची सवय: जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी. त्यातून 'व्हेन… देन', 'इफ… देन', 'दो… बट' जन्माला येतात. इंग्रजीत यातला एकच लागतो. फळ्यावर मराठी जोडी लिहून तिचा दुसरा शब्द खोडून दाखवला की मुद्दा पोचतो. नियम म्हणून सांगितला तर वहीत राहतो.

सुटे व्याकरण शिकवायचे नाही का, असे विचारणाऱ्यांसाठी एक दाखला. स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या लेखन-प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. वाक्ये जोडण्याच्या सरावाचा परिणाम +0.50 निघाला, व्याकरणाच्या सुट्या धड्यांचा −0.32 (अधिक म्हणजे तुलनेच्या गटाहून लेखन सरस, उणे म्हणजे मागे). त्यातले बहुतेक प्रयोग दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांवर नव्हते, हे खरे. म्हणून आकडे जसेच्या तसे लावू नयेत, पण आमच्या वह्यांतला कल त्याच दिशेचा होता.

परिच्छेद आणि लाल पेन

सातव्या आठवड्यात परिच्छेद आला, सहा वाक्यांचा. आधी टिपण: पाच शब्द, वाक्य नाही. मग जोडीदाराला दोन मिनिटे तोंडी सांगणे. मग 12 मिनिटे लेखन, एक ओळ सोडून. लिहिताना स्पेलिंग अडले तर जमेल तसे लिहून खाली रेघ मारायची आणि पुढे जायचे, रबराला मनाई. मग मोठ्याने वाचन. श्वास जिथे थांबतो तिथे टिंब आहे का ते पाहणे. दुसरा खर्डा दुसऱ्या तासिकेला, सोडलेल्या ओळींत. खर्डा हा शब्द मुलांना आवडला. त्यात चूक करण्याची परवानगी आहे असे त्यांना वाटले, आणि ते बरोबरच आहे.

एक ओळ सोडण्यावरून पालकांची वही वाया जाते अशी तक्रार येते. ओळ सोडली नाही तर सुधारणेला जागा नसते, आणि मग मूल सुधारत नाही, फक्त पुन्हा लिहून काढते.

आता तपासणी. 38 वह्या, प्रत्येकी चार मिनिटे धरली तरी 152 मिनिटे. हे आठवड्यातून तीनदा कोणाला जमते? जमले तरी उपयोग किती हा वादच आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये दुसऱ्या भाषेच्या लेखनात व्याकरणाच्या दुरुस्त्या करूच नयेत असे म्हटले. त्याच क्षेत्रातल्या डेना फेरिस यांनी 1999 मध्ये त्यांना उत्तर देताना नेमक्या, निवडक, समजतील अशा दुरुस्त्यांची बाजू घेतली. इथे फेरिस यांच्या बाजूने गेलो. दर पंधरवड्याला दोनच लक्ष्ये, बाकी चुकांकडे डोळेझाक. ही डोळेझाक शिक्षकाला फार जड जाते. हात आपोआप लाल रेघ मारतो.

खुणा चारच, समासात, चुकीवर नाही: 'क्रि' क्रियापद, 'क्र' क्रम, 'टिं' टिंब किंवा मोठे अक्षर, 'स्पे' स्पेलिंग. ओळीसमोर 'क्र' असेल तर त्या ओळीत क्रमाची एक चूक आहे, कुठे ते मुलाने शोधायचे. रोज दहा वह्या, दोन मिनिटे प्रत्येकी, चार दिवसांत वर्ग पुरा. आणि वही परत दिल्यावर त्याच तासिकेत पाच मिनिटे दुरुस्तीला. सहाव्या आठवड्यात दोनदा ही पाच मिनिटे राहून गेली, तर त्या वह्यांतल्या खुणा जशाच्या तशा पडून राहिल्या. घरी सुधारून आणा म्हटलेले घरी होत नाही.

नवव्या आठवड्यात जुना 'माय बेस्ट फ्रेंड' पुन्हा काढला, सुटा करण्यासाठी. त्यातली दोन वाक्ये निवडायची, माणूस बदलायचा, काळ बदलायचा, एक 'बिकॉज' जोडायचे. पाठ केलेले अशा रीतीने कच्चा माल झाले.

बारावा आठवडा

पुन्हा तोच अचानक विषय, तीच 20 मिनिटे. त्याच मुलीचा कागद:

"यस्टरडे आय केम होम ॲट फाइव्ह. माय मदर वॉज इन किचन. शी मेड टी बट आय डिडन्ट ड्रँक इट बिकॉज इट वॉज टू हॉट. देन माय ब्रदर टूक माय पेन सो आय वॉज अँग्री. व्हेन ही सॉ माय फेस देन ही गेव्ह मी हिज चॉकलेट. आय डिड माय होमवर्क अँड वेन्ट टू स्लीप ॲट टेन."

55 शब्द, सहा वाक्ये, प्रत्येकाला टिंब. क्रियापद एकदाही शेवटी नाही. 'स्टडी डन' च्या जागी 'डिड माय होमवर्क'. भावाने पेन घेतला आणि चेहरा पाहून चॉकलेट दिले, हे कुठल्याही गाइडमध्ये नाही. त्या पाच जणांपैकी तिघे चार वाक्यांपर्यंत आले, दोघे अजून जोडीदाराला सांगून लिहवून घेतात.

उरलेल्या चुकाही पाहाव्यात. 'किचन' च्या आधी 'द' नाही. मराठीत असा शब्दच नसल्याने 'ए' आणि 'द' ला या सत्रात हात लावला नव्हता, पुढच्या सत्रातही तो शेवटी लागेल. 'व्हेन… देन' अर्धवट सुटले आहे, एका आठवड्याचा सराव पुरेल. पहिले लक्ष्य 'डिडन्ट ड्रँक'. ही चूक सत्राच्या सुरुवातीला नव्हती, कारण तेव्हा तिला 'ड्रँक' च येत नव्हते. तिचे गणित मराठीचे आहे: 'प्यायले नाही' मध्ये भूतकाळ 'प्यायले' वर बसतो, 'नाही' वर नाही. इंग्रजीत तो 'डिड' उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात राहते. त्यासाठी दोन रंगांच्या चिठ्ठ्या केल्या आहेत, लाल म्हणजे भूतकाळ, पांढरी म्हणजे मूळ रूप. वाक्यात लाल चिठ्ठी एकच. 'ड्रँक' लाल, 'डिडन्ट' लाल, दोन्ही शेजारी आल्या की एक काढून तिथे पांढरी 'ड्रिंक' ठेवायची. आधी बाकावर, मग तोंडी, मग वहीत.